सात सह्यांचा दुखवटा

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता आठल्येसर एकदम मंत्री झाले, तेही निरुपयोगी नियम मोडीत काढण्याच्या खात्याचे. नियम गेला की कुणाची तरी सही जाते, म्हणून सचिवालयात कुणी त्यांच्या वाऱ्याला उभं राहत नसे. दोन वर्षं ते डबासुद्धा एकटेच खात.

साधी पिठाची गिरणी टाकायची तरी सात अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. हा नियम काढा, असं सरांनी म्हणताच मुख्य सचिव हिंगमिरे भर बैठकीत गरजले, "सर, हा कॉलेजचा फळा नव्हे! सात सह्या म्हणजे सात जणांनी डोळ्यांत तेल घालून केलेली तपासणी!"

सरांनी एक फाइल मुख्यमंत्र्यांपुढे सरकवली. 'मंत्री आठल्ये यांच्या निधनाबद्दल एक दिवसाचा दुखवटा मंजूर व्हावा.' खाली सात वेळा 'पाहिले, सहमत'. सातवी सही हिंगमिऱ्यांची.

"सोमवारी पाठवली होती," सर म्हणाले. "सातांतला एक जरी माझ्या खोलीत डोकावला असता, तरी मी जिवंत सापडलो असतो."

नियम तिथल्या तिथे रद्द झाला. सगळे पोट धरधरून हसले.

सर हसले नाहीत. सोमवारपासून त्यांनी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, आणि डब्यात रोज दोन पोळ्या जास्तीच्या आणल्या होत्या.