पॉलिमरचा शब्द

औषधांनाही जिवाची भीती वाटायची, त्या काळची गोष्ट. तापावरच्या औषधाच्या पुडीला गोळी व्हायचं होतं, म्हणून ती आपल्याला बांधून ठेवणारा शोधत होती.

बाभळीचा डिंक म्हणाला, "बाटलीत मी तुला सांभाळीन, पोटात गेल्यावर मात्र सोडीन."

"म्हणजे मी विरघळून मरणार!" पूड शहारली आणि कारखान्यात घडलेल्या चिवट पॉलिमरकडे गेली. "दादा, तुम्ही मला कधीच सोडू नका."

"शब्द दिला," पॉलिमर म्हणाला.

पुढे तापाने फणफणलेल्या एका बाळंतिणीने ती गोळी गिळली. पोटात पुडीला बाळंतिणीचं काळीज धडधडताना ऐकू आलं, मग अडखळताना. बाहेर तान्हं रडत होतं.

"दादा, सोडा मला!"

"शब्द दिलाय," म्हणत पॉलिमरने मिठी आणखी आवळली.

काळीज थांबलं. तान्हं रडतच राहिलं. गोळीचा मात्र टवकाही उडाला नव्हता.