परडीतलं कणीस

खळ्यावर बैल फिरत होते, तेव्हाची गोष्ट. आता खळीच राहिली नाहीत.

ज्वारीची कणसं एकामागून एक बैलांच्या पायांखाली जात. गेलेलं कणीस परत मिळत नसे. त्यातलं सर्वांत भरलेलं कणीस बियाण्यासाठी वेगळं काढायचं, हे काम परडीचं, म्हणजे इवल्या टोपलीचं. तिच्यात एकच कणीस मावे.

धान्य साठवायची मोठी कणगी तिला हसे. "एवढीशी तू! सगळं माझ्यात येऊ दे, मग सावकाश निवडू."

"तुझ्यात कणसं येत नाहीत, ताई. दाणे येतात," परडी म्हणे.

त्या वर्षी पहिलंच कणीस टपोरं निघालं. परडीचा त्याच्यावर जीव जडला. दुपारी त्याहून भरलेलं एक समोर आलं.

"मावशी, पहिला मान माझा ना?" पहिल्या कणसाने विचारलं.

"मान भरल्या दाण्याचा असतो, बाळा."

परडीने त्याला बैलांपुढे सोडलं आणि नव्याला घेतलं.

पेरणीच्या वेळी कणगी दाण्यांनी भरलेली होती. पण कोणता दाणा कोणत्या कणसाचा, हे तिला सांगता येईना. परडीतलंच बियाणं शेतात गेलं.

रिकामी परडी खुंटीवर टांगली गेली. तिथून ती कणगीला म्हणाली, "ताई, तुझ्यात कुठेतरी माझ्या पहिल्या कणसाचे दाणे आहेत. सांभाळ त्यांना."