मधली शिवण

कोरड्या माळावरच्या एका गावात मल्लाप्पा आणि शिवाप्पा हे दोघे सख्खे भाऊ घोंगड्या विणत. त्यांचे माग अरुंद होते, एका मागावर पुऱ्या घोंगडीची रुंदी निघत नसे. म्हणून एक पट्टी थोरला विणायचा, दुसरी धाकटा. मग मल्लाप्पा दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन मधोमध शिवायचा. कुठली पट्टी कुणाची, हे त्या दोघांशिवाय कुणाला ओळखता येत नसे.

गेल्या जत्रेत एका गिऱ्हाइकानं घोंगडीवर हात फिरवला आणि म्हणाला, "वा! मल्लाप्पाची घोंगडी म्हणजे मल्लाप्पाचीच." शिवाप्पा शेजारीच उभा होता. भाऊ आता आपलंही नाव सांगेल म्हणून तो थांबला. मल्लाप्पानं नुसती मिशी कुरवाळली. झालं! शिवाप्पाच्या मनात गाठ बसली आणि त्या दिवसापासून त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. दोघांच्या घरांत एकच भिंत, पण भाऊ भाऊ शेजारी, भेट नाही संसारी. शिवाप्पा पट्टी विणायचा, मुकाट्यानं थोरल्याच्या ओट्यावर ठेवायचा आणि निघून जायचा.

अशात शहरातून एक कागद आला. तिथं हातमागाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. घोंगडीसोबत एक फॉर्म पाठवायचा होता, त्यात विणकराची माहिती इंग्रजीत, एका वाक्यात. निवड झाली तर ते वाक्य छापून घोंगडीखाली लावणार होते. आपलं नाव छापून येणार, या कल्पनेनं मल्लाप्पाला दोन दिवस झोप लागली नाही.

फॉर्म घेऊन तो शाळेत पाटणेबाईंकडे गेला. बाई आठवीला इंग्रजी शिकवत होत्या. तो दाराशी टेकला. बाईंनी फळ्यावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली होती आणि मराठीत अर्थ सांगत होत्या : 'गंगा दळण दळते.' 'यमुना पाणी आणते.' ही दोन साधी वाक्यं. मग दोन्हींच्या मध्ये त्यांनी 'अँड', म्हणजे 'आणि', लिहिलं. "आता हे एकच वाक्य झालं. याला म्हणायचं संयुक्त वाक्य."

पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "बाई, मग त्यातलं मोठं कुठलं आणि धाकटं कुठलं?"

"कुणीच धाकटं नाही," बाई म्हणाल्या. "दोन्ही आपापल्या पायांवर उभी आहेत. एकमेकांचा हात धरलाय, इतकंच."

तास संपला. मल्लाप्पानं फॉर्म पुढं केला. "बाई, लिवा, ही घोंगडी मल्लाप्पानं विणली."

बाईंनी पेन उघडलं. त्यांच्याही घरात त्या भावांची घोंगडी होती. "वाक्य साधं, सोपं आहे. पण खरं आहे का?"

"खोटं तर न्हाई."

"मी ते विचारलं नाही, मल्लाप्पा."

मल्लाप्पानं फॉर्म परत घेतला. पण आपल्या पोळीवर तूप ओढायचं एकदा ठरवलं की माणसाला वाटाही बऱ्या सापडतात. त्यानं ठरवलं, या खेपेला दोन्ही पट्ट्या आपणच विणायच्या. मग वाक्य खरंच होईल, बाईंनाही बोलायला जागा उरणार नाही! त्यानं बायकोकरवी शेजारी निरोप धाडला, "या टायमाला तुझी पट्टी नगं." शिवाप्पानं तो ऐकून घेतला आणि मान खाली घातली. त्याला किती लागलं, हे विचारायला कुणी गेलं नाही.

मल्लाप्पाची पहिली पट्टी झकास झाली. दुसरीला खांदे भरून आले, तारीख जवळ आली, घाईत हात धागा जास्तच ताणू लागला. भिंतीपलीकडून शिवाप्पाच्या मागाचा आवाज रोज येत होता. हा आता काय विणतोय, असं मल्लाप्पाला वाटायचं. पण विचारणार कोण?

शेवटी त्यानं दोन्ही पट्ट्या शिवल्या आणि घोंगडी अंगणात पसरली. दुसरी पट्टी चार बोटं आखूड भरली होती. ती जुळवायला त्यानं शिवताना ओढून घेतली होती, म्हणून मधोमध चुण्या पडल्या. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, तरी घोंगडी मध्ये फुगायची.

बायको गौरव्वा दारातून बघत होती. "दोन्हीकडनं तुमीच ओढलंसा, मग फुगंल न्हाई तर काय?"

मल्लाप्पा खूप वेळ त्या शिवणीकडं बघत बसला. चाळीस वर्षं त्यानं हीच शिवण घातली होती, पण तिच्यापलीकडं कोण उभं असतं, ते जत्रेच्या दिवशी तो विसरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. ही दहा पावलं टाकायला त्याला वर्ष लागलं होतं.

"शिवा, जत्रंत गिऱ्हाईक माझं एकट्याचं नाव घेत हुतं आन् मी मिशीवर हात फिरवला. माझं चुकलं बाबा."

शिवाप्पा मागावरून उठला. आत गेला आणि घडी घातलेली पट्टी घेऊन आला. "तू नगं म्हनलास. पर हात ऱ्हातोय व्हय? विणून ठिवली. तुझी वाट बघत हुतो, अण्णा."

थोरल्यानं आपली पहिली पट्टी उसवून आणली. त्या दिवशी शिवण दोघांनी मिळून घातली, एक या टोकाकडून, एक त्या टोकाकडून. घोंगडी अंगणात पसरली, तेव्हा तिला एकाही दगडाची गरज लागली नाही.

मल्लाप्पा पुन्हा शाळेत गेला आणि बाईंनी इंग्रजीत नवं वाक्य लिहिलं : एक पट्टी मल्लाप्पानं विणली आणि एक पट्टी शिवाप्पानं विणली. ते फॉर्मवरच्या चौकटीत मावेना, शेवटचे शब्द बाहेर गेले. "जाऊ द्या भाईर," मल्लाप्पा म्हणाला, "पर त्याचं नाव कापू नका."

घोंगडीची निवड झाली. बक्षीस मात्र दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं. प्रदर्शनात दोघे भाऊ आपल्या घोंगडीखालची छापील चिठ्ठी बघत उभे राहिले. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. मल्लाप्पानं सोबत आलेल्या बाईंना हळूच विचारलं, "बाई, ह्यात 'आणि' कुठला वो?"

बाईंनी बोट ठेवून दाखवला.

"येवढाच?" मल्लाप्पा म्हणाला. मग त्यानं धाकट्याचा हात धरून त्याचं बोट त्या शब्दावर टेकवलं.

तात्पर्य: दोघांचं काम दोघांच्या नावानं सांगावं, सोबत्याचं नाव घेतल्यानं कुणी लहान होत नाही, गाळल्यानं मात्र गाळणाराच लहान होतो.