ओस गावाचा उंबरा

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. डोंगरांना अजून नावं पडायची होती, त्या काळातली. मोठ्या माणसांनीही ऐकावी.

दोन उंच कडे समोरासमोर उभे होते. मध्ये दरी होती. एका कड्याखालच्या पठारावर उगवतीचं राज्य वसलं होतं, दुसऱ्याखाली मावळतीचं. दरी खोल होती, पण फार रुंद नव्हती. इकडच्याला तिकडची चूल पेटलेली दिसायची. तिकडचा आवाजही इकडे यायचा. शब्द तेवढे वाटेत दरीत सांडून जायचे.

दोन्ही कड्यांवर आग्या मोहोळं लागलेली होती. एकेक पोळं दाराच्या फळीएवढं, आणि त्यावर माश्यांचा जिवंत पडदा. अशी किती होती, कुणी मोजली नव्हती. एखादा ससाणा जवळून गेला की त्या पडद्यांवरून एक लाट सरसरत जाई, आधी काळी, मग तांबूस, मग सोनेरी. कड्याच्या अंगावर शहारा यावा तशी. बघणारा माणूस बोलता बोलता थांबे. आई कडेवरच्या लेकराला हळूच सांगे, "बघ, डोंगर श्वास घेतोय."

त्या श्वासात मरण होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दरीच्या तळाशी पूर्वी तिसरं गाव होतं. कुणा एकानं रागाच्या भरात बाण मारला आणि एक पोळं फोडलं. एकच. दिवस मावळेपर्यंत त्या गावात माणूस उरला नाही, गोठ्यात जनावर उरलं नाही. आता तिथे नुसते चौथरे होते, कोरडी विहीर होती, आणि एका घराचा दगडी उंबरा होता. घर नव्हतं, दार नव्हतं, उंबरा होता. तिथे पाखरंसुद्धा दबकून बोलत.

एवढं डोळ्यांसमोर असूनही दोन्ही राजांनी आपापल्या टोकाला मचाण बांधलं होतं. मचाणावर एक तिरंदाज बसायचा. समोरच्या कड्यावरचं सगळ्यात मोठं पोळं त्याच्या बाणाच्या टप्प्यात होतं. "त्यांनी सोडला, तर आपणही सोडू," असं दोन्हीकडे म्हणत आणि निर्धास्त झोपत. माश्यांना राज्याची शीव कळत नाही, हे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

म्हणून जुन्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. पलीकडची कुठलीही बातमी गावात सांगण्याआधी दवंडीवाल्यानं दरीत उतरायचं. ओस गावाच्या उंबऱ्यावर बसायचं, पांढरं फडकं हलवून पलीकडच्या दवंडीवाल्याला बोलवायचं आणि विचारायचं, "तुमच्याकडे असं झालं म्हणतात, खरं का?" त्याची मान हलली, तरच वर येऊन हलगी वाजवायची. उंबऱ्यावर आवाज चढवायचा नाही. तिथे तो चढतही नसे.

असे त्या दगडावर बसून बसून दोघे दवंडीवाले म्हातारे होत आले. एकाची भाकरी, दुसऱ्याचा ठेचा. बोलता बोलता उगवतीच्या दवंडीवाल्याची लेक मावळतीच्या दवंडीवाल्याच्या मुलाला दिली, आणि दोघे व्याही झाले.

एका सकाळी भलत्याच वेळी पलीकडे हलगी वाजली.

उगवतीची माणसं पारावर जमली. "अहो दवंडीकाका, काय म्हणतायत ते?"

दवंडीवाल्याचे गुडघे त्या दिवशी दुखत होते. दरीत उतरून वर यायला अर्धा दिवस मोडला असता. तो कान देऊन म्हणाला, "लक्षण काही बरं दिसत नाही."

एवढंच बोलला तो. पण माणसं अशी गप्प झाली, की त्यानं इतक्या वर्षांत तशी शांतता ऐकली नव्हती. आजवर तो खरं सांगायचा तेव्हा अर्धी माणसं जांभया द्यायची. आज कुणी पापणी हलवली नाही. त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पारावर जागा पुरेना. त्यानं हलगी जरा जोरात वाजवली. मग पलीकडेही जोरात वाजली. "बघा," तो म्हणाला, "आपण बोललो की ते उलट बोलतात!" तिकडेही, बाळांनो, नेमकं हेच चाललं होतं.

हलगीच्या जागी ढोल आला, ढोलाच्या जागी नगारा. दवंडीवाल्याला पारावर चौरंग मिळाला, डोक्याला फेटा मिळाला. राजाला जेवताना भाजी अळणी लागली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली, संध्याकाळी दवंडी फिरली, "महाराजांच्या कपाळावर आठी!" ती ऐकून लोकांनी विळ्या-कोयत्यांना धार लावली. धारेचा आवाज ऐकून राजा दचकला. त्यानं प्रधानाला विचारलं, "लोक चिडलेत का?" प्रधान म्हणाला, "महाराज, आपण चिडलात म्हणून लोक चिडलेत."

"मी कधी चिडलो?"

"दवंडी झाली ना, महाराज."

आता चिडलो नाही म्हणावं, तर लोक भित्रा म्हणतील. राजा समोरच्या राज्याला भीत नव्हता इतका आपल्या पाराला भ्यायला लागला. त्यानं मचाणावरच्या तिरंदाजाला बाण दोरीवर चढवून ठेवायला सांगितलं. पलीकडच्या राजानंही तेच केलं.

एक कुंभारीण होती. ती गर्दीतून म्हणाली, "काका, तुम्ही उंबऱ्यावर गेला होतात का पण?"

शेजारचा गडी खेकसला, "आता उंबऱ्यावर जायची वेळ आहे का? तू आमची की त्यांची?"

"मी मडक्यांची," ती म्हणाली. "हादरा बसला की आधी माझीच फुटतात." लोक हसले आणि पुन्हा नगाऱ्याकडे वळले.

घरी दवंडीवाल्याची बायको वेगळ्याच काळजीत होती. लेकीचे दिवस भरत आले होते. "तेवढं दरीत उतरा," ती रोज म्हणे. "व्याह्यांना विचारून या, पोर कशी आहे."

"आता मला वेळ आहे होय? सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय."

"साऱ्या गावाला पलीकडची बातमी देता," ती म्हणाली, "मलाच तेवढी एक देत नाही."

तो फेटा बांधून निघून गेला. पण ते वाक्य कुसळासारखं त्याच्या अंगरख्यात राहिलं.

मग तो दिवस आला. भर दुपार होती. दोन्ही पठारांवर माणूस न् माणूस उभा होता. दोन्ही मचाणांवर तिरंदाजांनी दोरी कानापर्यंत ओढली होती आणि त्यांचे दंड थरथरत होते. इकडचा राजा हात वर करायच्या बेतात होता, कारण तिकडच्या राजाचा हात हललेला त्याला दिसला होता. तिकडच्यानं तर फक्त घाम पुसला होता. आणि दोन्हीकडे नगारे असे घुमत होते, की पायांखालचा दगड कापत होता.

आणि तेव्हा कडा हलला.

आधी एका पोळ्यावरून लाट गेली. मग शेजारच्या. मग उगवतीच्या साऱ्या कड्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी, तांबूस, सोनेरी. ती लाट थांबली नाही. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. समोरचा कडाही तसाच उसळू लागला. एवढा मोठा डोंगर कातडं थरथरवत जागा होतोय, असं वाटलं. आणि आवाज आला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हता. छातीच्या फासळ्यांना कळायचा होता. त्याच्यापुढे नगारा म्हणजे खुळखुळा.

अजून कुणी बाण सोडला नव्हता, बाळांनो. नुसत्या नगाऱ्यांनी हे केलं होतं.

वरची मोहोळं उठली. माश्यांचा ढग कड्यावरून सरकत खाली आला आणि सूर्य पितळेच्या ताटासारखा पिवळा पडला. राजाचा हात छातीशीच राहिला. ढगाची सावली दोन्ही पठारांवर सारखीच पडली होती.

दवंडीवाल्यानं वर पाहिलं. त्याच्या हातातलं टिपरू पुन्हा नगाऱ्यावर पडणार होतं. सवयच तशी झाली होती. पण त्याला खाली दरीत तो उंबरा दिसला, घर नसलेला. आणि त्याला वाटलं, उद्या माझाही असाच दिसेल. आणि समोरचा, जिथे माझी लेक माप ओलांडून गेली, तोही.

त्यानं टिपरू खाली ठेवलं. गडगडणारा नगारा दोन्ही हातांनी कवटाळला आणि गप्प केला. काही माश्या त्याच्या मनगटांवर उतरल्या, डसल्या. तो हलला नाही.

इकडचा नगारा थांबला, तसा तिकडच्या नगाऱ्याचा ठोका अडखळला. उत्तर कुणाला द्यायचं? तोही थांबला.

माणसं जिथे होती तिथे जमिनीला टेकली. आयांनी पोरांना पदराखाली घेतलं. तिरंदाजांनी दोरी हळूहळू, लोण्यातून केस ओढावा तितकी हळू, सैल सोडली. वर तो ढग फिरत होता. घ्यावं की सोडावं, असं जणू मनाशी ठरवत होता. इतकी शांतता त्या दोन राज्यांत कधीच झाली नव्हती. माणसांना एकमेकांचे श्वास ऐकू येत होते.

आणि त्या शांततेत पलीकडून एक आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

तान्हं रडत होतं. नुकतंच जन्मलेलं.

इतके दिवस पलीकडून आलेला एकही आवाज कुणाला कळला नव्हता. दवंडीवाला सांगेल तोच त्याचा अर्थ. हा मात्र कुणी समजावून सांगावा लागला नाही. जमिनीला टेकलेल्या साऱ्या उगवतीला तो कळला. दवंडीवाल्याच्या बायकोनं पदर तोंडात कोंबला, हुंदका फुटू नये म्हणून. दवंडीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी गळून नगाऱ्याच्या कातड्यावर पडत होतं, आणि त्याचासुद्धा आवाज होईल की काय, अशी त्याला भीती वाटत होती.

ढग फिरत राहिला. मग हळूहळू वर गेला. एकेक पोळं पुन्हा मिटलं. कड्यावरून शेवटची लाट गेली, मंद आणि सोनेरी, आणि डोंगर पुन्हा श्वास घेऊ लागला.

कुणाला काही न विचारता दवंडीवाला दरीत उतरला. हात सुजून भोपळ्यासारखे झाले होते, गुडघे दुखतच होते. उंबऱ्यावर पांढरं फडकं हलवायची गरज पडली नाही. व्याही आधीच येऊन बसला होता. त्याचंही तोंड सुजलं होतं.

इकडचा त्याच्याशेजारी टेकला. मग म्हणाला, "पोर?"

"सुखरूप आहे. नात झाली तुम्हाला. आवाज तुमच्यावर गेलाय."

इकडचा हसला आणि त्याला रडू आलं. डोळे पुसून त्यानं विचारलं, "व्याही, त्या पहिल्या दिवशी भलत्या वेळी हलगी कशाला हो वाजवलीत?"

"कोणत्या दिवशी? हां, ते होय. राजाच्या आचाऱ्याची म्हैस सुटली होती." त्यानं उलट विचारलं, "आणि मग तुमच्याकडे जोरात वाजायला लागलं, ते कशासाठी?"

इकडच्यानं मान खाली घातली. "तुमच्या म्हशीसाठी," तो म्हणाला.

मुलीचं बारसं त्याच उंबऱ्यावर झालं. ओस गावात किती पिढ्यांनंतर रांगोळी पडली. दोन्ही राजे आले आणि साध्या घोंगडीवर शेजारी शेजारी बसले. वाजंत्री नव्हती. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तेही इतकं हळू, की बाळाशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. आणि वर दोन्ही कड्यांवर माश्या निवांत लटकत होत्या. मचाणं लगेच उतरली नाहीत. भीती एका दिवसात म्हातारी होत नाही. पण बाण भात्यात गेले. नगारे फोडून त्यांच्या कातड्याच्या पाणी वाहायच्या पखाली केल्या, आणि त्या दिवसापासून दरीत उतरल्याशिवाय कुणी पलीकडची बातमी सांगू लागला, तर पोरंसोरंसुद्धा विचारत, "काका, उंबऱ्यावर जाऊन आलात का?"

तात्पर्य : पलीकडचा जो आवाज आपण जवळ जाऊन समजून घेतला नाही, तो आपल्या तोंडून मोठा करू नये.