तीनदा स्मरण

"पण बंद करण्याआधी मास्तरांना विचारलंस का?"

गैबीनाथाच्या टेकडीवरच्या मठात वारूआक्का वाती वळत होत्या. समोर शार्दूल बसला होता, न्हाऊन, उपाशीपोटी. वर्षानुवर्षं हट्ट धरून मागितलेला गुरुमंत्र आक्का आज देणार होत्या. मंत्र कानात तीनदा सांगतात. जन्मात पुन्हा नाही.

"विचारायला मी कशाला हवा, आक्का? सगळं आपोआप होतं."

शार्दूलचं इंटरनेटवर दुकान होतं. आंधळ्यांना पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप तो विकायचा. दरमहा कार्डावरून वर्गणी परस्पर कापली जायची. नाही कापली गेली, तर वाचणं थांबायचं आणि गिऱ्हाइकाला पैसे भरण्याचं तीनदा स्मरण जायचं. माणसाचा हात कुठंच लागत नाही, याचा त्याला कोण अभिमान.

"बँकेनं मास्तरांचं कार्ड बदललं," तो म्हणाला. "नवा नंबर त्यांनी भरलाच नाही."

दामूमास्तर डोळ्यांनी ठार आंधळे. लहानपणी शार्दूलला पाढे त्यांनीच शिकवले. म्हातारपणी ते मठाच्या ओसरीवर राहायचे आणि दिवसभर मोबाइलकडून पुस्तकं ऐकायचे. श्रावणात मोबाइल मुका झाला. भाद्रपदात मास्तर गेले.

"तो मुका मोबाइल कानाला लावून बसायचे," आक्का म्हणाल्या. "मला विचारायचे, शार्दूल माझ्यावर रुसला का गं..."

"मग मला एक फोन..."

"म्हटलं मी. तर म्हणाले, पोरगं मोठं झालंय, कामात असेल. कशाला त्याच्या मागं भुणभुण."

तरी शार्दूल म्हणालाच, "तीनदा स्मरण गेलं होतं, आक्का. नोंद आहे माझ्याकडं."

"कुठं गेलं?"

"मोबाइलच्या पडद्यावर. चांगलं ठळक अक्षरांत."

"अक्षरांत..."

"हो."

"मग ते त्यांना वाचून कुणी दाखवायचं होतं?"

वाचणारं तर शार्दूलनंच बंद केलं होतं.

"चुकलं माझं, आक्का... आता काय करू?"

"आता? आता कुणासाठी करतोस?" आक्कांनी वाती बाजूला सारल्या. "ये. मंत्र घे."

तो पुढं सरकला, मान खाली घातली. आक्कांनी आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर गच्च दाबले.

तो दचकून वर बघू लागला. आक्कांचे ओठ हलत होते, आवाज मात्र पोचत नव्हता. त्यानं त्यांची मनगटं धरली. जन्मभर जातं ओढलेले हात ते, तसूभर हलले नाहीत.

ओठ थांबले. पुन्हा हलले. थांबले. पुन्हा हलले.

मग आक्कांनी हात काढले आणि वाती पुढ्यात ओढल्या.

"आक्का... मला काहीच ऐकू आलं नाही."

आक्का वात वळत राहिल्या.

"पाया पडतो तुमच्या. एकदा सांगा."

"नोंद करून ठेव," आक्का म्हणाल्या. "तीनदा सांगितलं."