हरलेल्यांची पंगत

राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही तर ऐकाच. आणि डुलकी लागल्याचं सोंग घेऊन कान इकडे लावणाऱ्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. तुमच्याही कामाची आहे.

एका डोंगरखोऱ्यात दोन गावं होती, मोहतळं आणि हिवरकोंड. मधून ओढा वाहायचा. आसपास लहानलहान वाड्या होत्या, पण त्यांना फारसं कुणी विचारत नसे. सुगी आटोपली की या दोन गावांमध्ये हुतूतूचा सामना व्हायचा, एका वर्षी ओढ्याच्या या अंगाला, पुढच्या वर्षी त्या अंगाला. त्या दिवशी गावात मांजरं तेवढी उरत. बाकी सगळं खोरं मैदानाच्या बांधावर.

मोहतळ्याचा म्होरक्या होता सुभाना. अंगानं आडदांड, दम असा की चढाईला गेला म्हणजे बघणाऱ्यांचाच श्वास अडकायचा. हिवरकोंडचा म्होरक्या तुळाजी, सुभानाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो काटकुळा, पण एकदा घोटा धरला की सोडणं त्याला ठाऊकच नव्हतं. बहीण बायजाक्का नेमकी मधल्या रेघेसमोर बसायची आणि दोघांच्याही नावानं ओरडायची. लोक विचारत, "आक्का, तू कुणाकडची गं?" ती म्हणे, "जो पडंल त्याची."

या सामन्याची एक रीत होती. जिंकलेल्या गावानं हरलेल्या गावाला पंगतीला बसवायचं आणि गड्यांनी स्वतःच्या हातानं वाढायचं, तेही अंगावरची धूळ न झटकता. हरलेले मग पानावर सूड उगवत. भाकरीमागून भाकरी, वाटीमागून वाटी मागून वाढणाऱ्यांना असं पळवत, की जिंकणं नको पण वाढणं आवर असं व्हायचं. पंगत उठेपर्यंत रुसवा कुठल्या कुठे पळालेला असे.

एके वर्षी राजधानीहून एक कारभारी घोड्यावर बसून मोहतळ्यात आला. मोठमोठ्या शहरांनी मिळून खेळाचं एक मंडळ काढलं होतं. कारभारी पाटलांना म्हणाला, "तुमचे गडी इथे ओढ्याकाठी कशाला लोळतात? आमच्या मंडळात या. रेशमी पटके देऊ, ने-आण करायला गाड्या देऊ, हजारो माणसं बघायला येतील. अट एकच. मंडळाबाहेर कुणाशी खेळायचं नाही."

पाटलांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुभानालाही मोह पडला. यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अंगात ताकद असली की ती मोठ्या अंगणात अजमावून बघावीशी वाटतेच. चुकलं ते पुढे. ओढा ओलांडून जायचं आणि तुळाजीला तोंडानं सांगायचं, एवढं काम होतं. सुभानाला ते जड गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत निघायची वेळ आली आणि तो तसाच गाडीत चढला. कुणीतरी सांगेलच, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

कुणी सांगितलं नाही. त्या वर्षी पाळी हिवरकोंडची होती. त्यांनी मैदान झाडलं, पाणी शिंपडलं, राखेनं रेघा आखल्या. तुळाजी लांग कसून सकाळपासून मैदानात उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, ऊन कललं. शेवटी मेंढरं घेऊन चाललेला एक धनगर थांबला आणि म्हणाला, "कुणाची वाट बघताय, तुळाजीबा? त्ये तर कवाच राजधानीला गेलं."  तुळाजीनं पायानं मधली रेघ पुसली आणि तो घरी गेला. त्याला फार लागलं होतं, आणि ते बायजाक्काला दिसत होतं.

तिकडे राजधानीत मोहतळ्यानं पहिलाच सामना जिंकला. हजारो लोकांनी आरोळ्या ठोकल्या. आपले गडी मात्र सवयीनं, धुळीच्या अंगानं, थेट मुदपाकखान्यात गेले आणि पराती उचलून विचारू लागले, "हरलेली मंडळी कुठं बसल्यात?" मंडळाचा शिपाई त्यांना न्याहाळत म्हणाला, "तुम्ही वाढपी का?" हरलेले गडी केव्हाच मागच्या दरवाजानं आपल्या गाड्यांत बसून गेले होते. हातात पराती घेऊन मोहतळ्याचे वीर कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

पुढचा सामना ते हरले. जिंकलेल्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. हे धर्मशाळेत चुरमुरे खात बसले. जेवलात का, म्हणून कुणी विचारलं नाही.

त्यात मंडळाचं बस्तान काही बसेना. एका वर्षी दोन शहरं उठून दुसऱ्या राजाच्या मंडळात गेली, कारण तिथल्या पटक्यांवर जरीकाम जास्त होतं. त्यांच्या जागी थेट समुद्रकाठचं एक शहर आलं. तिथं खेळून परतेपर्यंत मोहतळ्याची पेरणी हुकली. समोरच्या गड्याची खोड ओळखावी, तर पुढच्या खेपेला तो गडी भलत्याच शहराच्या पटक्यात दिसायचा. मोहतळ्याचेही दोन चांगले गडी असेच कुणीतरी उचलले. अखेर कारभाऱ्याचा निरोप आला, "तुम्ही खेळता बरे, पण तुमच्या गावाचं नाव ऐकून गर्दी होत नाही. दुसरं गाव बघितलंय. पटके तेवढे परत करा."

तेलही गेलं, तूपही गेलं. मोहतळ्याचे गडी बोडक्या डोक्यानं घरी आले.

इकडे हिवरकोंडमध्ये काय झालं होतं? पहिल्या वर्षी मैदानात गवत माजलं. खेळायला कुणी नाही, मग जागा कशाला अडवायची? लोक म्हणू लागले, कांदे लावू. खेळ मरतो की काय, या धास्तीनं तुळाजीला अन्न गोड लागेना. मग त्याला त्या धनगराची आठवण झाली. तो वाडीवाडीवर हिंडला. "आजवर बांधावर बसून बघितलंत. आता आत येता का?" वाड्यांना दुसरं काय हवं होतं? धनगरवाडीची पोरं तर अशी चपळ निघाली की धरायला गेलेला हात हवेतच राहायचा. सामन्यांची संख्या वाढली, पंगती वाढल्या, कांदे राहून गेले.

सुभाना ओढा ओलांडून आला तेव्हा तुळाजी अंगणात दोर वळत बसला होता. बायजाक्का दारात आली आणि तिथंच थांबली.

"दाजी, चुकलं माझं," सुभाना म्हणाला.

"राजधानीला गेलास त्याचं मला काय न्हाई," तुळाजी म्हणाला. "मोठ्या जागी खेळायची हौस मलाबी हाय. पर त्या दिशी मी दिवस मावळंस्तवर मैदानात हुभा हुतो, सुभाना. तोंडानं सांगितलं असतंस, तर तुझ्या गाडीपुढं मीच नारळ फोडला असता."

"तुमच्या म्होरं यायचं धाडस झालं न्हाई."

तुळाजीनं दोर बाजूला ठेवला. "मग आता काय म्हनतोस?"

"आमाला पुन्यांदा खेळू द्या. मला तुमच्यासंगं खेळायचंय, दाजी. तिकडं लई जणांशी खेळलो, पर घोटा धरल्यावर 'सोड की रं' म्हनावं असं कुनी भेटलं न्हाई."

"आता मैदान माझ्या एकट्याचं न्हाई. वाड्यांना इचारावं लागंल."

वाड्यांनी विचार करून सांगितलं, या, पण सगळ्यांच्या शेवटी पाळी घ्यायची आणि हिवरकोंडच्या आधी धनगरवाडीशी खेळायचं. पाटलांना हे झोंबलं. "अरे, आम्ही राजधानीत खेळलेली माणसं!" बायजाक्का म्हणाली, "मग तर तुमाला सोपंच जाईल की, पाटील!" 

सोपं गेलं नाही. धनगरवाडीच्या पोरांनी मोहतळ्याचा गडीन् गडी बाद केला. सुभानाच्या दमाची कीर्ती त्यांनी ऐकली होती. त्यांनी त्याला धरलंच नाही, दम सरेपर्यंत नुसतं टुणटुण उड्या मारत हुलकावण्या दिल्या. बांधावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

मग पंगत बसली. कित्येक वर्षांनी मोहतळं हरलेल्यांच्या रांगेत बसलं. पाटीलही मांडी घालून बसले. धनगरांची पोरं भाकरी आणि दाट दुधाची खीर वाढू लागली. एवढ्यात तुळाजी उठला, त्यानं एका पोराच्या हातातून खिरीचं भांडं घेतलं आणि सुभानाच्या पानापुढे वाकला.

धनगरांचा म्होरक्या म्हणाला, "तुळाजीबा, वाढायचा मान आज आमचा. तुमी आज कुठं जिंकलाय?"

सुभानाची वाटी काठोकाठ भरत तुळाजी म्हणाला, "माझा गडी माघारी आला. मग जिंकलं कोन?"

सुभानाला हुंदका आवरला नाही. सगळ्या खोऱ्यादेखत तो आडदांड माणूस रडला, आणि रडता रडता खीर प्यायला. वाटी रिकामी झाली तशी त्यानं पुन्हा पुढे केली.

पुढे कारभारी एकदा धनगरवाडीलाही आला म्हणतात. पोरांनी त्याला ताक पाजलं आणि सांगितलं, "खेळायला येऊ की. पर हितला खेळ सोडणार न्हाई." कारभाऱ्याला ते पटलं नाही, तो निघून गेला. त्या मंडळाचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक नाही. खोऱ्यातला सामना मात्र दर सुगीनंतर होत राहिला. मोहतळं आणि हिवरकोंड कधी हरत, कधी जिंकत, आणि पोटभर जेवत.

तात्पर्य: मोठा मान मिळवायला खुशाल जावं; पण ज्याच्याशी झुंजून आपण मोठे झालो, त्याला पाठ दाखवून जाऊ नये.