सायाळीचा संघ

फार वर्षांपूर्वी बोरीच्या माळावर हरणांचा फुटबॉल संघ होता आणि त्यांना खेळ शिकवायला एक म्हातारी सायाळ होती. ओळीनं सात सामने हरल्यावर प्रेक्षक म्हणू लागले, "सायाळीला काढा." आठव्या सामन्याला फक्त चंद्री म्हैस आली.

सायाळ तिला म्हणाली, "चंद्रे, उद्यापासून मी येत नाही. माझ्यामुळे पोरं हरतात."

चंद्री म्हणाली, "मागच्या वर्षी जिंकलो, तेव्हा तुझ्याभोवती मी नाचले होते. आता हरताना तुला एकटीला कशी सोडू?"

आठवा सामनाही संघ हरला. हरणं मान खाली घालून निघाली, तेव्हा चंद्री एकेकाला नावानं हाक मारू लागली. सगळी नावं घेऊन होईपर्यंत एकही हरीण मैदानाबाहेर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला सायाळ सगळ्यांच्या आधी आली.